बाल्सा ग्लायडर किट: पाच जणांनी दोन महिने उडवून, मोडून, जोडून मग लिहिलेला रिव्ह्यू

किट घ्यावं का असं विचारत असाल तर हो, बिनधास्त घ्या, पण एकट्याने घेऊ नका, चार-पाच जण मिळून घ्या आणि त्यासोबत एक वही आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. नुसतं किट म्हणून मी याला दहापैकी सात देईन, शिकायची वस्तू म्हणून नऊ. सात का आणि नऊ का ते खाली सगळं लिहितोय, लांबलंय, पण आम्ही घ्यायच्या आधी शोधत होतो तेव्हा मराठीत कुणी नीट लिहिलेलं सापडलं नव्हतं म्हणून लिहितोय.

आम्ही पुण्यात हडपसरला राहतो. इथे सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे त्यामुळे लहानपणापासून गच्चीवरून ती लांब पंखांची पांढरी विमानं बघत आलोय, विंचने दोर ओढून वर चढवायची, दोर सुटला की आवाज न करता गोल गोल फिरत खाली यायची. माझ्या भाच्याने (नववीत आहे) विचारलं, मामा इंजिन नाही तर ते पुढे कशाने जातं? मी त्याला दिवे घाटाचं उदाहरण दिलं, घाटातून सायकल उतरताना पायडल मारावं लागतं का, उतार आणि वजन मिळून ओढतात, ग्लायडर तसंच हवेतल्या उतारावरून घसरत असतं, फक्त तो उतार डोळ्याला दिसत नाही आणि पंख जितका चांगला तितका उतार कमी तीव्र चालतो. त्याला ते एकदम पटलं आणि म्हणाला मग आपण बनवू. मग समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी (गणिताचे क्लास घेतात), त्यांची सहावीतली मुलगी, आणि तळमजल्यावरचे काका, ज्यांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, असे पाच जण झालो.

किट शहरातल्या एका हॉबीच्या दुकानातून घेतलं, ४२० रुपये. बॉक्समध्ये दीड मिलिमीटर बाल्साचे लेझरने कापलेले दोन पंख, दोन्ही मिळून ४५० मिलिमीटर लांब आणि ७५ रुंद, एक मिलिमीटरची आडवी शेपटी १८० बाय ५५, उभी शेपटी, ४० सेंटिमीटरची दांडी, नाकाला लावायला क्लेचा गोळा, आणि आइस्क्रीमच्या काडीसारख्या काडीला बांधलेलं रबर, म्हणजे गलोलीसारखं सोडायला. कटिंग सुरेख आहे, खाचा घट्ट बसतात, लेझरने कडा थोड्या काळ्या होतात तेवढं पॉलिश पेपरने घासून घ्यायचं. सूचनांचं एकच पान आणि ते इंग्रजीत, चित्रं बरी आहेत पण एक फार महत्त्वाची गोष्ट त्यात नाहीच, ती पुढे सांगतो.

बाल्सा पहिल्यांदा हातात घेतल्यावर काका दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. आयुष्यभर लोखंड आणि पितळ हाताळलेला माणूस, त्यांनी पंख बोटावर ठेवला आणि म्हणाले अरे हे लाकूड आहे का पापड! हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो, झाड भराभर वाढतं आणि वाळल्यावर आतल्या पेशी जवळपास रिकाम्या राहतात म्हणून इतकं हलकं. पण एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या वजनाच्या निघत नाहीत, आणि इथेच किटची पहिली खोट निघाली. काकांच्या सांगण्यावरून आम्ही जोडायच्या आधी प्रत्येक तुकडा वजन केला (सवयच त्यांची, ड्रॉइंगवर विश्वास ठेवायचा नाही, आधी मोजायचं). डावा पंख ३.३ ग्रॅम, उजवा ४.२. दिसायला जुळे भाऊ, वजनात जवळजवळ एक ग्रॅमचा फरक, तोही टोकापर्यंत पसरलेला. न मोजता जोडलं असतं तर विमान प्रत्येक वेळी उजवीकडे कलंडलं असतं आणि आम्ही शेपटी वाकवत बसलो असतो. पतंग एका बाजूला झुकायला लागला की दुसऱ्या टोकाला चिंधी बांधतो ना, तेच केलं, आधी जड पंख घासून थोडा हलका केला, मग उरलेल्या फरकासाठी डाव्या टोकाला क्लेची चिमूट लावली. किट बनवणाऱ्याने पंखांची जोडी एकाच शीटमधून कापली तरी हा प्रश्न बराचसा सुटेल, आणि त्यासाठी त्याला एक रुपया जास्त लागणार नाही.

पंख जोडताना मधे हलका व्ही आकार द्यायचा असतो, डायहेड्रल म्हणतात, विमान एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरायला लागतं आणि खाली गेलेल्या पंखाला जास्त उचल मिळून ते परत सरळ होतं. ज्याच्यात रिमोट नाही, पायलट नाही, त्याला हा व्ही म्हणजे जीव. सूचनेत नुसतं डायहेड्रल द्या एवढंच लिहिलंय, किती ते नाही. आम्ही एक पंख टेबलावर सपाट दाबून ठेवला आणि दुसऱ्याच्या टोकाखाली काडेपेटी उभी केली, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर उचल, दोन्ही बाजूंना वाटून सहा अंशांच्या आसपास येतं. जोडाच्या दोन्ही कडा त्या कोनात घासून घ्या नाहीतर वर फट राहते आणि नुसता ग्लू ताण घेत नाही. पांढरा ग्लू अगदी कमी लावा, त्यातल्या पाण्याने पातळ बाल्सा वाकडा होतो.

सगळं जोडून, क्ले लावून १६.२ ग्रॅम. एवढंसं वजन आणि पंखाचा पसारा जवळपास अर्धा मीटर.

आता मैदानावर. डिसेंबरातला रविवार, सकाळी साडेसहा, जवळच्या शाळेचं मैदान, परवानगी आधीच काढलेली. सकाळीच जा हे सगळ्यात महत्त्वाचं, ऊन चढलं की जमीन तापून हवा वर उठायला लागते आणि १६ ग्रॅमच्या विमानाला त्या हवेने इकडून तिकडे नेलं की तुम्ही काय तपासताय तेच कळत नाही, आठ वाजले की आम्ही गाशा गुंडाळायचो. पहिल्या दिवशी पाचही जणांनी एकच चूक केली, दगड भिरकावल्यासारखं जोरात आणि वरच्या दिशेने फेकलं. विमान वर गेलं, थबकलं, नाकावर आलं. हे असं नसतं फेकायचं, हात खांद्याच्या उंचीवर, नाक क्षितिजाच्या किंचित खाली, आणि ढकलायचं, भाल्यासारखं सरळ, विमान स्वतः ज्या वेगाने तरंगतं त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला चारेक मीटर, आपण रमतगमत सायकल चालवतो तेवढा वेग. आमच्यात सगळ्यात आधी हे जमलं ते सहावीतल्या मुलीला, कारण तिने जोर लावलाच नाही.

आणि दव! गवतावर दोनतीनदा उतरल्यावर विमान सुस्त वाटायला लागलं म्हणून काट्यावर ठेवलं तर १७ ग्रॅम. बाल्सा पाणी पितो. दुसऱ्या आठवड्यात लाकडाच्या पॉलिशवाल्याकडून सँडिंग सीलर आणून अगदी पातळ हात दिला, पण मी आधी घाईत फक्त वरच्या बाजूला दिला आणि सकाळी बघतो तर पंख पन्हाळीसारखा वाकलेला. दोन्ही बाजूंना एकदम द्या. वाकलेला पंख आम्ही चहाच्या आधणाच्या वाफेवर धरून उलट्या बाजूला हलका पिळला आणि थंड होईपर्यंत तसाच धरला, सरळ झाला.

आता ती राहिलेली गोष्ट. किटमध्ये तोल कुठे यायला पाहिजे त्याची खूणच नाही! क्लेचा गोळा दिलाय, नाकाला लावा म्हटलंय, पण किती, कुठवर? ग्लायडरमध्ये याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. पंखाखाली दोन्ही बाजूंना बोटांची टोकं ठेवून विमान जिथे आडवं राहतं तो बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून किती मागे आहे ते मोजायचं. सुरुवातीला रुंदीच्या एक तृतीयांशावर ठेवायचं, ७५ मिलिमीटरचा पंख म्हणजे २५ वर, आणि तिथून पुढे विमान स्वतः सांगतं. नाक खुपसून सरळ खाली जातंय, तर क्ले कमी करा किंवा शेपटीची मागची कड केसभर वर करा. नाक वर उचलतं, थबकतं, पडतं, परत उचलतं, असं लाटेसारखं जातंय, तर क्ले वाढवा. आम्ही अर्ध्या अर्ध्या ग्रॅमच्या गोळ्या आधीच मळून डबीत ठेवल्या होत्या, ही काकांची आयडिया आणि फार उपयोगी. तीन रविवारांनंतर तोल ३० मिलिमीटरवर स्थिरावला, पंखाच्या ४० टक्क्यांवर. त्या दिवशी विमान हातातून सुटलं आणि एका सरळ रेषेत, न डुलता, गवताला समांतर होत होत उतरलं, आणि आम्ही पाचही जण काही न बोलता ते जिथे टेकलं तिथपर्यंत चालत गेलो.

१८०४ मध्ये इंग्लंडात जॉर्ज केली नावाच्या माणसाने एक छोटं ग्लायडर केलं होतं, साधारण पाच फुटांचं, एक दांडी, तिच्यावर पंख म्हणून चक्क पतंग, मागे हलवता येणारी शेपटी आणि पुढेमागे सरकवता येणारं वजन. म्हणजे आमच्या डबीतल्या क्लेच्या गोळ्या त्यांच्याकडेही होत्या, वेगळ्या रूपात. आज आकाशात जे विमान दिसतं, पुढे पंख मागे शेपटी, त्याची मांडणी त्या पतंग लावलेल्या दांडीपासून सुरू होते. हे भाच्याला सांगितल्यावर त्याने संक्रांतीच्या पतंगाकडे वेगळ्याच नजरेने बघायला सुरुवात केली आणि तिथूनच आमच्या स्वतःच्या डिझाइनला सुरुवात झाली, त्याकडे येतोच.

त्याआधी टेस्टिंगबद्दल, कारण मला या रिव्ह्यूत सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हे आहे. आम्ही ठरवलं की प्रत्येकाने पाच फेकी करायच्या, वहिनी वहीत लिहिणार, मुलगी टेप धरणार, भाचा स्टॉपवॉच. एका रविवारी शेपटी किंचित वर करून आणि न करून अशी तुलना चालू होती. काकांच्या हातून १० मीटर, माझ्या हातून ७, भाच्याच्या हातून एकदा १४ एकदा ५. विमान तेच! वहिनींनी तिथेच वही बंद केली आणि म्हणाल्या, आपण विमान तपासतच नाही आहोत, आपण हात तपासतोय. इतकं खरं होतं ते. शेपटीतल्या बदलाने फरक पडत असेल एखाद्या मीटरचा आणि हातांचा फरक आठ-नऊ मीटरचा, त्यात काय दिसणार. त्याआधीचे दोन रविवार आम्ही जे निष्कर्ष काढले होते ते सगळे वहिनींनी लाल पेनाने खोडले.

तिथून पुढे किटमधलं ते रबर कामाला आलं. बॉक्स उघडल्यावर आम्हाला ते मुलांचं खेळणं वाटलं होतं आणि बाजूला पडलं होतं. काकांनी एका जुन्या फळीला खिळा मारून रबराची काडी पक्की बसवली, फळीवर पेन्सिलने रेघा मारल्या, आणि फळी दीड मीटर उंचीच्या शिडीला बांधली, किंचित पुढे उतरती. विमानाचा हूक रबरात अडकवायचा, ठरलेल्या रेघेपर्यंत ओढायचं, सोडायचं. प्रत्येक वेळी तेवढाच ताण, तेवढाच कोन. पहिल्याच दिवशी दहा फेकींमध्ये सगळ्यात लांब आणि सगळ्यात जवळ यात जेमतेम दीड मीटरचा फरक राहिला, आणि आता शेपटी अर्धा मिलिमीटर वाकवली तर त्याचा परिणाम वहीत दिसायला लागला. नियम दोन केले: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाला दहा फेकी, आवडली नाही म्हणून एकही फेक खोडायची नाही. भाच्याला दुसरा नियम फार जड गेला. पण एकदा त्यानेच मला पकडलं, वाऱ्याची झुळूक आली म्हणून मी एक फेक सोडून द्या म्हणत होतो, तो म्हणाला मामा मग चांगल्या फेकीला पण झुळूक आली असेल ती कुठे सोडलीस.

एकट्याने हे जमत नाही हे मी मनापासून सांगतोय. सोडणारा माणूस विमानाकडे बघत असतो, त्याला अंतर बरोबर वाटत असतं, तो स्वतःच्या हाताला कधी दोष देत नाही. सोडणारा एक, मोजणारा दुसरा, लिहिणारा तिसरा असला तरच खरं काय ते कागदावर येतं. शेवटी किटचं विमान शिडीवरून दीड मीटरवरून सरासरी साडेनऊ मीटर जायला लागलं, म्हणजे एक मीटर खाली येताना सहा मीटरपेक्षा थोडं जास्त पुढे. एवढ्याशा विमानाला हे चांगलंच आहे, इतक्या लहान पंखाला आणि कमी वेगाला हवा घट्ट पाकासारखी वाटते, मोठ्या ग्लायडरचे चाळीस-पन्नासचे आकडे याच्याकडून मागायचे नाहीत.

आता स्वतःचं. भाच्याने आणि मुलीने मिळून कागदावर काढलं, ८०० मिलिमीटर लांब, १०० रुंद पंख. बाल्साची शीट महाग म्हणून पंखाला पाच मिलिमीटर थर्माकोल आणि आत बांबूची पट्टी, दांडीसुद्धा बांबूची. यासाठी आम्ही बुरूड आळीत गेलो आणि तिथे जो माणूस भेटला त्याला विमान म्हटल्यावर तो इतका खूश झाला की तीन मिलिमीटरच्या कामट्या त्याने डोळ्यांसमोर तासून दिल्या, प्रत्येक कामटी वाकवून दाखवली, गाठ कुठे आली ते बघायला सांगितलं, आणि दोन कामट्या शेजारी ठेवून एकसारख्या वाकतात का ते तपासूनच दिली. कुठलं मशीन लागलं नाही त्याला. बोहरी आळीत थर्माकोल मिळालं. एक सांगतो, स्टेशनरीच्या दुकानात हलका बोर्ड मागितला की सनबोर्ड देतात, तो घेऊ नका, हाताला हलका लागतो पण पीव्हीसीचा असतो, थर्माकोलच्या कित्येक पट जड.

इथे आमचा मोठा घोटाळा झाला. बाल्साला जो इन्स्टंट ग्लू वापरत होतो तोच मी थर्माकोलला लावला आणि डोळ्यांदेखत पंखात खड्डा पडत गेला, वर वाफ. तो ग्लू थर्माकोल खातो, सीलरमधला थिनरही खातो. थर्माकोलला पांढरा ग्लू लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा, घाई नको. दुसरा पंख केला तेव्हा वर पतंगाचा कागद पातळ ग्लूने चिकटवला, तो वाळताना ताणून बसतो आणि पंख इतका कडक होतो की विश्वास बसत नाही.

दुसरी चूक जास्त शिकवणारी. वेळ वाचावा म्हणून नव्या विमानाला किटचीच शेपटी लावली आणि दांडी आखूड ठेवली, पंखापासून शेपटी जेमतेम २५ सेंटिमीटर. तोल तोच ४० टक्क्यांवर, कारण किटमध्ये चाललं होतं. विमान सरळ गेलं, सुंदर गेलं, मग वाऱ्याने नाक जरा खाली झालं आणि ते परत वर आलंच नाही, तसंच जमिनीत. परत सोडलं, परत तेच. नाक एकदा जिकडे गेलं तिकडेच. मग वहिनींनी मैदानावरच हिशेब मांडला: शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले पंखापासूनचं अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाची रुंदी. किटचा आकडा आला जवळपास १. आमचा ०.३१. पंख दुपटीपेक्षा मोठा झाला आणि त्याला सावरायला शेपटी तेवढीच, तीही तेवढ्याच अंतरावर. जणू बैलगाडीला पोराची दोरी. मग शेपटी ३०० बाय ७५ केली, अंतर ४० सेंटिमीटर, आकडा १.१ च्या वर गेला, आणि पुढच्या रविवारी भाच्याने मुद्दाम नाक खाली करून सोडलं तरी विमानाने स्वतःहून नाक उचललं. मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, त्याला कळलं! मला वाटतं विमान स्थिर असतं म्हणजे काय याची यापेक्षा चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

हा आकडा आम्हाला काढता आला कारण तुलनेला किट होतं. एक चालतं विमान हातात असेल तर त्याच्याकडून मोजमापं उसनी घेता येतात. पहिल्या दिवसापासून स्वतःचंच करत बसलो असतो तर दहा गोष्टी एकदम चुकल्या असत्या आणि कुठली चुकली तेच कळलं नसतं. म्हणून मी नऊ मार्क देतोय. आमचं मोठं विमान ३६ ग्रॅम भरलं, त्यातले नऊ ग्रॅम नाकातली क्ले, आणि त्याच शिडीवरून सरासरी बारा मीटर जातं.

तक्रारी एकत्र सांगतो. पंखांची वजनं जुळत नाहीत. तोलाची खूण नाही, लेझरने एक रेघ मारायची तर होती. डायहेड्रलचा कोन दिलेला नाही. सूचना मराठीत हव्यात, निदान हिंदीत, शाळेतलं पोर स्वतः वाचून करू शकलं पाहिजे, वहिनींच्या मुलीला प्रत्येक ओळ समजावून सांगावी लागली आणि विषय काही अवघड नव्हता, भाषाच आडवी येत होती. आणि सगळ्यात गंभीर, दांडीचं टोक नुसतं टोकदार लाकूड आहे. रबराने पूर्ण ताणून सोडलं तर हे विमान चांगलंच वेगात निघतं, समोर कुणाचा डोळा आला तर काय? आम्ही खोडरबराचा तुकडा कापून नाकावर बसवला, वजनही तिथेच हवं असतं त्यामुळे क्ले कमी लागली, आणि सोडताना सगळ्यांनी मागे उभं राहायचं असा नियम केला. किट बनवणाऱ्याने हा रबराचा तुकडा बॉक्समध्ये द्यायलाच हवा, यात तडजोड नाही.

दुकानाबद्दल मात्र चांगलंच लिहीन. शेपटी एकदा आमच्याच चुकीने मोडली तर अख्खं किट घ्या म्हणाला नाही, सुटी शेपटी ४० रुपयांना दिली. सुटी बाल्सा शीट घ्यायला गेलो तेव्हा काकांनी खिशातून काटा काढला, मला जरा संकोच वाटला पण दुकानदाराने गठ्ठाच समोर ठेवला, निवडा म्हणाला. एक मीटर लांब, १०० मिलिमीटर रुंद, दीड जाड, सगळ्या एकाच किमतीच्या, आणि वजनं १६ ग्रॅमपासून २७ ग्रॅमपर्यंत. पंखाला हलक्या घेतल्या, ज्यांच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यासारखी चमक दिसते त्या, त्या आडव्या सहज वाकत नाहीत. जास्त लवचीक निघाल्या त्या बाजूला ठेवायला सांगितल्या, त्या गोल वळवायच्या कामाला चांगल्या. दुकानदार आमचं ऐकत होता आणि म्हणाला माझ्याकडे काटा घेऊन येणारे तुम्ही दुसरे. पंखांच्या वजनाचं आणि खोडरबराचं त्याला सांगितलंय, बनवणाऱ्याला कळवतो म्हणाला.

खेळण्याच्या दुकानातलं फोमचं विमान याच्या निम्म्या किमतीत मिळतं, लहान मुलाला फेकायला ते उत्तम, आपटलं तरी काही होत नाही, पण त्यात बदलण्यासारखं काही नाही, जसं आहे तसंच उडणार. तुमच्या घरात आठवी-नववीचं कुणी असेल, किंवा एनसीसीच्या एअर विंगला जाणारं, किंवा असं कुणी रिटायर्ड माणूस ज्याच्या हातात कसब आहे आणि वेळही आहे, तर या किटवर दोन महिने आरामात निघतात. सहावीच्या खालच्या मुलांना कटर आणि ग्लू एकट्याने देऊ नका.

जाताना काटा न्या, शीट ठेवायला कडक पुठ्ठा न्या नाहीतर बाइकवर कोपरा तुटतो (आमचा तुटला), आणि सुटं रबर दोन मीटर जास्तीचं घेऊन ठेवा, उन्हात राहिलं की ते चिरतं. आम्ही पुढच्या रविवारी एक मीटरच्या पंखाच्या शीट निवडायला जाणार आहोत, मंगळवारी दुकान बंद असतं तेवढं लक्षात ठेवा.